खांबातली टकटक

या इमारतीत मला घाबरवणारा अजून जन्माला यायचाय. बायको सोडून. आणि लिफ्टमागची ती पाल सोडून. बस, इथे पायरीवरच बस, मेणबत्ती मधे ठेव. घरात बोलावलं असतं, पण का नाही बोलावलं तेच तर सांगतोय.

इमारत बघतोयस ना? जहाजासारख्या गोल खिडक्या, वळत वर जाणारा जिना, फाटकावर लोखंडाचा उगवता सूर्य. निम्मे शेजारी म्हणत, पाडा, टॉवर बांधा. निम्मे म्हणत, डागडुजी करू. आमच्या घरातही दोन पक्ष. मी 'ठेवा', बायको 'पाडा'. "सूर्य छानच आहे हो," ती म्हणायची, "पण बंद लिफ्टपायी जिना चढतात ते माझे गुडघे."

त्या संध्याकाळी इंजिनियर आला. खांब हातोडीने ठोकून बघायचे. पोकळ वाजला की खांब कुजला. त्याने एकदा 'धोका' म्हटलं की इमारत आडवी. आता अशा माणसाला पळवून लावायला शाळा शिकावी लागते थोडीच?

आमच्या बरोबर खालचं घर कधीपासूनचं बंद, किल्ली माझ्याकडे. जिन्याचा जाडजूड खांब त्याच घराच्या भिंतीतून वर जातो. मी आत शिरलो, दार लावलं. काळोख. ओल्या चुन्याचा वास. खांबाला कान लावून उभा राहिलो, हातात स्वयंपाकघरातला चमचा.

बाहेरून त्याने ठोकलं. टक.

मी आतून. टक.

बाहेरची हातोडी थांबली. मग हळूच, "कोण... कोण आहे आत?"

हसू आवरेना. तोंडात रुमाल कोंबला आणि पुन्हा वाजवलं. सवयीने हातून घरचीच खूण गेली. दोन भरभर, एक सावकाश, शेवटी नखाची खरवड. दार असं वाजलं की बायको न विचारता कडी काढते. ही खूण आम्हा दोघांचीच.

बाहेर पिशवी पडली, बूट धडाधड जिना उतरले. गोल खिडकीतून पाहिलं तर गडी हातोडी टाकून रस्त्यापलीकडे पळत होता. मी पोट धरून हसत होतो.

तेव्हा खांब वाजला.

दोन भरभर. एक सावकाश. खरवड...

दार उघडून पाहिलं. जिना रिकामा होता. खांबाला हात लावला, तर बर्फासारखा गार आणि आतून काहीतरी घासत चाललेलं. पुन्हा वाजलं, आधीपेक्षा वर. लहान मूल नवा शब्द घोकतं ना, तसं. मग छताजवळ. मग छताच्याही वर... आणि वर घर कुणाचं? आमचं.

वर कडी करकरली. बायकोचा आवाज आला, "आलात? किती गार पडलेत हो हात!"

धावत वर गेलो. दार बंद. मी आमची खूण वाजवली. पुन्हा वाजवली. कडी निघेना.

"अगं, मी आहे... उघड."

आत कुजबुज झाली. मग दाराला चिकटून बायको कडाडली,

"चेष्टा पुरे! कोण रे तू? आमचे हे मघाशीच आलेत घरात. आणि जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलतायत. म्हणतात, पाडून टाका सगळं, या भिंतींत जीव कोंडतो!"