आप्पांना न वाचून दाखवलेलं प्रकरण

ही रात्रीची गोष्ट नाही. लख्ख दुपारची आहे.

६ मार्च १९७७, रविवार. शिरूर तालुक्यातलं केंदूर. आमच्या घराची पुढची खोली. वेळ पावणेतीनच्या सुमाराची.

इतकं नेमकं सांगते, कारण मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नाही. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा घरातून देव्हारा गेला, अंगारा गेला, उतारा गेला. त्यांच्याबरोबर भूतही गेलं. माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "ज्याला भूत दिसतं, त्यानं आदी चष्म्याचा नंबर काढून घ्यावा."

मी पाबळच्या शाळेत शिकवते. माझ्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे.

आप्पांचं नाव साहेबराव. ते दौंडला रेल्वेत पेंटर होते. यार्डात उभ्या असलेल्या वॅगनींवर पांढरे आकडे रंगवायचे. ते डावखुरे होते. त्यांचे सोबती बबनराव त्यांना चिडवायचे, "साहेबा, तू डाव्या हातानं लिवतोस म्हनून तर मालगाडी उलटी जाती."

आकडे रंगवता रंगवता त्यांना माणसांचे चेहरे काढावेसे वाटू लागले. शिकवणारं कोणी नव्हतं. दौंडच्या एका इंजिन ड्रायव्हरचं कुटुंब सगळं विकून विलायतेला गेलं, तेव्हा त्यांची पुस्तकं रद्दीवाल्याकडे आली. त्यात चित्रकलेची तीन जाडजूड पुस्तकं होती. आप्पांनी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर त्याचं नाव रंगवून दिलं आणि ती पुस्तकं घरी आणली.

पुस्तकं इंग्रजी. आप्पांचं शिक्षण चौथी.

मग आमची एक रीत ठरली. मी तेव्हा आठवीत होते. उजेडासाठी मी खाटेवर दाराकडे तोंड करून बसायची आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक वाक्य मराठीत मोठ्यानं सांगायची. आप्पा माझ्या पाठीमागे जमिनीवर बसून कोळशानं चित्र काढायचे. झालं की कोळशाची कांडी डब्याच्या कडेवर तीनदा आपटायचे. भुकटी झाडायला.

टक्... टक्... टक्.

मग विचारायचे, "पुढं?"

एकच नियम होता. ते काढत असताना मागं वळून बघायचं नाही. "काडनाऱ्याकडं बगितलं की हात लाजतो," म्हणायचे.

दोन वर्षांत दोन पुस्तकं संपली. तिसरं चेहऱ्यांचं होतं. कपाळ, नाक, कान, सावली असं करत आम्ही शेवटच्या प्रकरणापाशी आलो. बारा पानं. बारीक टाइप. चित्र एकच, आरशात बघून स्वतःचा चेहरा काढणाऱ्या माणसाचं.

त्या दिवशी मला मैत्रिणीकडे जायचं होतं.

"संपलं आप्पा," मी म्हणाले. "पुढं काय न्हाई."

"आन् ह्यो आरशात बगनारा कोन?"

"पुस्तक लिवनारा. त्येचा फोटू हाय."

"बरं," म्हणाले. पुस्तक पुसून ट्रंकेत ठेवलं.

त्यानंतर त्यांनी अर्ध्या दौंडचे चेहरे काढले. समाजमंदिरातला बुद्ध त्यांचा. कुणाची गेलेली आई, कुणाचा गेलेला मुलगा, नुसत्या वर्णनावरून काढून दिले.

स्वतःचा चेहरा मात्र कधी काढला नाही. कसा काढतात, ते त्यांना कोणी वाचून दाखवलंच नव्हतं.

१३ मार्च १९७६ ला आप्पा गेले. यार्डातच. छातीत कळ आली आणि बसले ते बसलेच.

आई म्हणाली, "नोकरीच्या कपड्यात जाऊ द्या त्यास्नी." धुतलेला खाकी शर्ट घातला. त्याच्या खिशात त्यांचं ओळखपत्र होतं, ते आईच्या ध्यानात नव्हतं. माझ्याही नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीतून निरोप आला, कार्ड जमा करा. तेव्हा आईला उमगलं, कार्ड शर्टाबरोबर चितेत गेलं होतं.

आप्पांचा एकुलता एक फोटो त्या कार्डावर होता.

बबनरावांनी कचेरीतले जुने कागद पाहिले. आप्पांच्या कागदावर फोटोच्या जागी वाळवीनं खाल्लेला एक चौकोन होता. बाकी कागद धड होता... फक्त तो चौकोन.

क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही केंदूरला आलो. पुस्तकांची ट्रंकही आली.

वर्ष सरत आलं. पहिल्या स्मृतिदिनाला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी ठेवायला आप्पांचा फोटो नाही, एवढंच आईच्या तोंडी होतं. माझं दुःख वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मला त्यांचा चेहरा आठवेनासा झाला होता.

हात आठवायचे. पाठ आठवायची. चेहऱ्याच्या जागी वाळवीचा तो चौकोन यायचा.

जानेवारीत मी ट्रंक उघडली. चेहरा परत मिळवायचा तर मलाच चित्र काढायला शिकायला हवं होतं, आणि शिकवायला तीच तीन पुस्तकं होती. शाळेतून आले की बसायची. आधी अंडी काढली, मग मडकी, मग नाकं. मनातल्या मनात वाचायची आणि काढायची. महिना गेला. पहिला चेहरा आईला दाखवला.

आईनं तो लांब धरून बघितला. "ह्यो कोन? तलाठी व्हय?"

भागुबाई आत्या, आप्पांची थोरली बहीण, शेजारीच राहते. ती म्हणाली, "नाकाचं वांगं केलंस बघ पोरी." मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "कशाला येवढा जीव काडतीस? तुज्यातच हाय की त्यो. ह्ये कपाळ त्याचं, हनुवटी त्याची. आरशात बघ आन् काड."

आरशात बघ.

शेवटचं प्रकरण तेच होतं.

मी ते लगेच उघडलं नाही. आधीची प्रकरणं पुन्हा पक्की करू, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण मला ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी सवयीनं मोठ्यानं वाचलं. पहिल्यासारखं, खाटेवर बसून, दाराकडे तोंड करून, एकेक वाक्य मराठीत. परिच्छेद संपला. मी थांबले.

मागे आवाज झाला...

टक्... टक्... टक्.

पाल असेल. शेजारी कोणी सुपारी फोडत असेल.

मी पुढचा परिच्छेद वाचला. थांबले.

टक्... टक्... टक्.

मनात वाचलं की काही व्हायचं नाही. मोठ्यानं वाचलं की व्हायचं. चार दिवस मी हे पडताळून पाहिलं, जसं मुलांना प्रयोग करून दाखवते तसं. मग घरात मोठ्यानं वाचणं बंद केलं.

पण झोप लागेना. वर्गात फळ्यावर खडू आपटला तरी मी दचकायची.

स्मृतिदिनाला एक आठवडा उरला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. नुसता हार ठेवू आन् नाव लिवू."

तो रविवार. आई आणि आत्या मळ्यात हरभरा काढायला गेल्या होत्या. मी ठरवलं, आज ते प्रकरण वाचायचं. आधी पूर्ण वाचायचं, मग काढायचं.

मागच्या भिंतीवर खिळ्याला सुतळीनं आरसा टांगला. माझ्या उंचीला, सरळ. खाली ट्रंकेला टेकून आप्पांचा चित्र काढायचा लाकडी फळा ठेवला, त्यावर कोरा कागद. बाजूला डबा. डब्यात कोळशाची एक नवी, अखंड कांडी.

मी खाटेवर बसले. दाराकडे तोंड करून.

निवडणुकीचे दिवस होते. कर्णा लावलेली एक जीप ओरडत रस्त्यानं गेली. तिचा आवाज लांब गेला, विरला... आणि मग कसलाच आवाज राहिला नाही. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

मी मोठ्यानं वाचू लागले.

पहिलं पान संपलं.

टक्... टक्... टक्.

तरी मी पान उलटलं. थांबणं त्याहून वाईट वाटत होतं. एकदा थांबलेच होते ना, पंधरा वर्षांपूर्वी.

तिसऱ्या पानावर मागे सुतळी करकरली. आरसा हलला असावा.

चौथ्या पानावर दुसरा आवाज सुरू झाला...

खर्र... खर्र... खर्र.

कागदावर कोळसा घासल्याचा. हा आवाज ऐकत मी मोठी झाले आहे. तो मला सांगावा लागत नाही.

मागं वळून बघायचं नाही.

मी वाचत राहिले. सातव्या पानावर लिहिलं होतं, ते जसंच्या तसं आठवतं. आरशात बघून काढलेल्या चित्रात चेहऱ्याच्या बाजू बदलतात. तुम्हाला रोज समोरून पाहणाऱ्या माणसांना तो चेहरा थोडा परका वाटेल. तरी बदलू नका. तुम्हाला दिसलं तेच काढा.

मागचा आवाज क्षणभर थांबला. विचार करावा तसा.

मग पुन्हा... खर्र... खर्र.

आठ. नऊ. दहा. दहावं पान संपलं.

टक्... टक्... टक्.

"पुढं?" असं मी ऐकलं, असं म्हणणार नाही. पण मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, हे खरं आहे.

अंगणात आईची हाक आली. "अगं, पेंडी आत घे!"

मागे सगळं थांबलं.

आई आत आली. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. डोक्यावरची हरभऱ्याची पेंडी खाली पडली.

"ह्येच," आई म्हणाली. "आगं बाई... ह्येच."

तेव्हा मी वळले.

आरसा सरळ नव्हता. खाली झुकला होता, जमिनीवर बसलेल्या माणसाला चेहरा दिसेल इतका.

फळ्यावर आप्पा होते.

वर्षभर न आठवलेला चेहरा, एका नजरेत. कपाळावरची आडवी घडी. हसू दाबलेलं तोंड. भुवईवरची खूण. यार्डातली साखळी लागून झालेली होती ती, त्यांच्या डाव्या भुवईवर. डोळे मात्र रिकामे होते. नुसती बाहेरची रेघ.

आई जवळ जाऊन बसली. मग तिचं बोट कागदाजवळ थांबलं.

"खूण ह्या अंगाला न्हवती. तीस वर्सं समोर बसून जेवलीय मी. माज्या उजव्या हाताकडं यायची ती. तू डावीकडं काडलीस."

आत्या दारातून आईला म्हणाली, "पोरीनं काडलंय, वंचळा. येवढं चुकनारच."

मी माझे हात बघत होते.

कोळसा वापरला की बोटं तासभर काळी राहतात. माझी बोटं स्वच्छ होती. डब्यातली कांडी अर्ध्यावर झिजली होती.

आणि चेहरा चुकला नव्हता. समोर बसून जेवणाऱ्याला दिसायचा तसा तो नव्हताच. खूण ज्या बाजूला होती, ती फक्त एकाच माणसाला तशी दिसू शकत होती. आरशात बघणाऱ्या आप्पांना.

१३ तारखेला वंदना झाली. चित्राला हार घातला. दौंडहून बबनराव आले होते. फूल वाहून झालं तरी ते चित्रापुढून हलेनात. गालावरच्या सावलीच्या रेघांवरून हवेतच बोट फिरवत राहिले. रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरल्या होत्या.

"ह्या डावऱ्याच्या रेगा हायत," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "ताई, साहेबानं ह्ये कवा काडलं हुतं?"

"आईला विचारू नका मामा," मी म्हणाले.

त्यांनी नाही विचारलं. टोपी काढून बाहेर जाऊन बसले.

याला आता दोन वर्षं झाली. आई अधूनमधून म्हणते, "डोळं तेवढं भर की गं. रिकाम्या डोळ्यांनी किती दिस ठेवनार त्यास्नी?"

मी उद्या म्हणते.

शेवटची दोन पानं डोळ्यांवरची आहेत. मी ती वाचलेली नाहीत. मनातसुद्धा नाही. वाचली की काढणं पूर्ण होईल. मग ते माझ्याकडे बघतील, की जातील? पंधरा वर्षं माझ्या खोट्यावर विश्वास ठेवला म्हणून रागावतील? मला तिन्हींची भीती वाटते, आणि सगळ्यात जास्त जाण्याची.

आरसा मी रोज सकाळी सरळ करते. संध्याकाळी शाळेतून येते तेव्हा तो झुकलेला असतो.

हे सगळं आज दुपारी लिहून झालं. छापायला पाठवण्याआधी लेखन मोठ्यानं वाचून बघायची मला सवय आहे. खाटेवर बसून, दाराकडे तोंड करून, वरच्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबले.

टक्... टक्... टक्.

"संपलं आप्पा" हे शब्द ओठांवर आले होते.

मी ते बोलले नाही. अजून तशीच बसून या ओळी लिहिते आहे. मागं वळलेले नाही.