झोपलेल्या डोंगऱ्याची पाळी

माझ्या दादाला ज्यानं दुसऱ्यांदा मारलं, त्याच्या चष्म्याची उजवी दांडी वाकडी होती.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे माणसाच्या चेहऱ्याआधी मला त्याची फ्रेम दिसते. त्या संध्याकाळीही तेच झालं. बाहेर दिवसभर पडून स्वतःच कंटाळलेला पाऊस होता. खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ओल्या छत्र्यांचा कुबट वास भरला होता, आणि टेबलाच्या टोकाला, पुठ्ठ्याच्या उभ्या पडद्यामागे, हा अनोळखी माणूस बसला होता.

आधी खेळाचं सांगते. आम्ही चारपाच जण दर आठवड्याला तिथे जमून राक्षसांच्या आणि जादूगारांच्या जगात भटकायचो. प्रत्येकाचं एक पात्र, आणि टेबलावर त्या पात्राची लाकडी बाहुली. आपलं पात्र काय करतंय ते तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरवायचं. दादाचं पात्र म्हणजे डोंगऱ्या... खांद्यावर कुऱ्हाड, पण पुलाखालच्या राक्षसाशीसुद्धा आधी तासभर गप्पा मारणार. अगदी दादासारखाच.

गेल्या वर्षी दादा कामावरून घरी येताना अपघातात गेला. आता डोंगऱ्याचं काय करायचं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्याची पाळी आली की खेळांच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि जे आमचा खेळ चालवायचे, ते हळूच म्हणायचे, "झोपलाय," आणि पाळी पुढे सरकायची. लढाया झाल्या, किल्ले पडले, आणि आमचा योद्धा कांबळ्यात गुंडाळून खेचरावर लादलेला, ढाराढूर. मला खरं तर खेळाची फारशी आवड नव्हती. मी येत राहिले ती काकांचं ते "झोपलाय" ऐकायला. घरी आई दादाचं नावही काढत नव्हती. निदान इथे तो झोपलेला तरी होता.

आणि हा वाकड्या दांडीचा माणूस हा खेळ काढणाऱ्या कंपनीसाठी नियम लिहायचा. नव्या नियमांची पुरवणी छापायला जायची होती, त्याआधी तो दुकानादुकानांतून ती खेळवून बघत होता, म्हणून त्या दिवशी काकांच्या जागी खेळ तोच चालवत होता. सगळे रानातल्या मुक्कामाचे नियम. पहारा कोण देणार, थंडी कुणाला बाधणार, हल्ला झाला तर कुणावर. डोंगऱ्या का झोपलाय, हे त्याला सांगायचं आमचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, अशी गोष्ट परक्याला सांगणार कशी?

लांडगे आले. पहारा फसला. नव्या नियमाप्रमाणे पहिला वार झोपलेल्यावर. त्यानं फासा टाकला, हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला, "कांबळ्यातला गडी संपला बिचारा," आणि डोंगऱ्याची लाकडी बाहुली बोटानं आडवी केली.

मी छत्री उचलली आणि बाहेर पडले.

कोपऱ्यावर त्यानं मला धापा टाकत गाठलं. काकांनी सांगितलं असणार. छत्री नव्हती, काचांवर इतकं पाणी की त्याला मी दिसत तरी होते की नाही कोण जाणे.

"मला माहीत नव्हतं हो..."

"माहीत असतं तर?"

"तर लांडगे आणलेच नसते."

म्हणजे हाही "झोपलाय"च म्हणाला असता. मला एकदम खूप थकल्यासारखं झालं. मी त्याला म्हटलं, "उद्या आमच्या दुकानात या. ती दांडी वाकडी आहे, मला बघवत नाही."

तो आला. मी दांडी गरम करून सरळ केली, चष्मा त्याच्या कानांवर बसवून बघितला, आणि त्या वेळात तो श्वास रोखून बसला होता हे मला दिसलं. मग म्हणाला, पुरवणीत अजून जागा आहे. मेलेल्याला परत बोलवायचा एक नियम तो लिहिणार. डोंगऱ्या उठेल.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. वर्षभरात मी एवढी हावरट कधी झाले नव्हते.

त्यानंतर तो रोज यायचा. काउंटरवर कोपर टेकून नवा नियम वाचून दाखवायचा आणि मी तो मोडीत काढायची. जादूगाराला सोनं द्या आणि मेलेला उठवा? मग श्रीमंतांच्या घरी कुणी मरणारच नाही. कुणीतरी आपलं अर्धं आयुष्य द्या? मग आयांची रांग लागेल. तो मान हलवायचा, खोडायचा, आणि जाताना चष्मा पुढे करायचा. दांडी पुन्हा वाकडी.

"झोपेत मारामाऱ्या करता का?"

"उशी फार कडक आहे माझी."

"उशीनं दांडी अशी बाहेरच्या बाजूला वाकत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला... आणि मी हसले. मोठ्यानं हसले. दादा गेलाय आणि मी हसतेय. त्या दिवशी दांडी सरळ करताना मी मान वर केली नाही.

शेवटी एका नियमात मला खोट काढता आली नाही. मेलेल्याला हाक एकदाच घालता येते. हाक घालणाऱ्यानं त्याला जे कधी सांगितलं नाही, असं एक खरं सगळ्यांसमोर सांगायचं. मग खेळ चालवणारा पडद्याआड फासा टाकणार. आकडा मोठा आला तर तो उठेल. नाही आला तर पुन्हा हाक नाही.

"पडद्याआड का?" मी विचारलं होतं.

"उत्तर माणसाच्या तोंडून यावं," तो म्हणाला. "फाशाच्या नको."

मागच्या खोलीत तो नियम खेळायला घेतला, त्या संध्याकाळी कुणी मस्करी केली नाही. मी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नख फिरवत बसले.

"दादा," मी म्हटलं, "मला तुझा राग येतो. तू गेलास आणि आई गप्प झाली, आणि मला घरात बोलायला कुणी राहिलं नाही. तुझी आठवण येते असं सगळ्यांना सांगते मी, पण त्याहून जास्त राग येतो. ये ना परत..."

पडद्यामागे फासा गडगडला आणि थांबला.

तो खाली बघत राहिला. आकडा त्याच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता. माझ्या शेजारी काका डोळ्यांनी त्याला विनवत होते, हो म्हण बाबा, हो म्हण. मीही विनवत होते. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही आला," तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "डोंगऱ्या मेलाय."

वर्षभर दादाबद्दल किंवा डोंगऱ्याबद्दल हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. दादा 'गेला' होता, 'आपल्यात नव्हता', झोपला होता. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले... स्मशानात रडले नव्हते तशी. काका पाठीवर हात फिरवत राहिले.

सगळे निघाल्यावर तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. पाऊस त्या पहिल्या संध्याकाळसारखाच पडत होता.

"हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "तुमच्याशी पुढे खूप वर्षं बोलायचंय मला. आज खोटं बोललो असतो, तर तुम्ही कधी हसलात की मला वाटलं असतं, हे माझ्या खोट्यावर हसतायत. ते मला जमलं नसतं."

"मी तुमच्यावर चिडलेय."

"माहितीये."

"उद्याही चिडलेली असेन. परवाही."

"येऊ का पण?"

मी हो म्हटलं नाही. पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून मी त्याचा हात धरला. हात थंडगार पडला होता. ते एक 'नाही' त्याला किती जड गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पायऱ्या संपल्या, रस्ता सपाट झाला, तरी मी तो हात सोडला नाही.

"आमच्या घरी चला," मी म्हटलं. "आईला दादाबद्दल बोलायचंय मला. एकटीनं नाही जमणार."