शेवटपर्यंत बसणारा

हिवाळा आला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन पिकं जोमानं येतात. एक तळ्यातल्या शिंगाड्यांचं आणि दुसरं कवींचं. भाषा पंधरवडा, वाचनालयाचा वर्धापनदिन, हळदीकुंकू, कुणाच्या तरी आजोबांची पुण्यतिथी... निमित्त काहीही असो, कविसंमेलन झाल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. यंदाच्या हंगामात सावली गावच्या दिव्यानी भोयरला तर मान वर करायला फुरसत नव्हती. आठवडाभर वनविभागाच्या कार्यालयात बांबू आणि सागाच्या नोंदी करायच्या, आणि रविवार उजाडला की पर्समध्ये कविता कोंबून एसटी पकडायची. त्यात तिचा पहिला संग्रह यायचा होता. नाव ‘काटेरी शिंगाडे’. आई मनकर्णाबाई म्हणाली होती, “नाव तरी गोड ठेवाचं होतं वं बाई!”

आता कविसंमेलनाचा एक अलिखित कायदा असतो. ज्याची कविता म्हणून झाली, तो लगेच चप्पल शोधायला लागतो. आणि नवख्या कवीचा नंबर असतो सगळ्यात शेवटी. तेव्हा दिव्यानीच्या वाट्याला काय यायचं, ते सांगायला नकोच.

मूल गावच्या वाचनालयात असंच झालं. ती माईकपुढे उभी राहिली तेव्हा अध्यक्षांची हनुवटी छातीला टेकली होती. समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. गुपचूप खाली बसावं की काय असं तिला वाटलं, इतक्यात तिची नजर शेवटच्या रांगेत गेली.

तिथे एक जण बसला होता! निळा स्वेटर, हाताची घडी, कपाळावर विस्कटलेले केस... आणि डोळे थेट तिच्यावर. पापणीसुद्धा हलत नव्हती. दिव्यानीनं चार कविता वाचायच्या ठरवल्या होत्या, त्या सात वाचल्या. सगळ्या त्याच्यासाठी.

नंतर बाहेरच्या नळावर तो तोंड धुताना भेटला. ती धीर करून पुढे झाली.

“तुम्ही शेवटपर्यंत बसलात...”

“बसाच लागते जी,” तो साधेपणानं म्हणाला.

ते ऐकून दिव्यानी आणखी जवळ सरकली. “म्हणजे... आवडल्या कविता?”

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि जरा विचार केला. “लंब्या होत्या थोड्या. पण आवाज चांगला हाय तुमचा, मॅडम.”

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तिला राग आला असता. पण तो हसला, आणि हसताना त्याच्या एका गालावर खळी पडली. एकाच! ती बघत राहिली आणि सावलीची गाडी चुकता चुकता राहिली.

त्याचं नाव निकेश. ब्रह्मपुरीला तो होता. गडचिरोलीला होता. कार्यक्रम कुठेही असो, तिचा नंबर लागला की हा शेवटच्या रांगेत हजर. आता तो येताना कागदाच्या पुड्यात उकडलेले शिंगाडेही आणायचा. त्याचे वडील बाबुलाल तळं ठेक्यानं घ्यायचे, मासे आणि शिंगाडे दोन्हीचा धंदा.

“दुसऱ्या कवींचंही असंच मन लावून ऐकता का हो?” तिनं गडचिरोलीला शिंगाडा सोलत, मान खाली घालून विचारलं.

“नाई जी. त्यायच्या वेळेस मी बाहेर चहा पितो.”

दिव्यानीच्या बोटात शिंगाड्याचा काटा घुसला. तो घाईनं पुढे वाकला, तिचं बोट हातात घेऊन फुंकर घालायला लागला... आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की हात हातात आहे. त्यानं सोडला. तिला वाटलं, जरा उशिरा सोडला असता तरी चाललं असतं.

आता एवढं झाल्यावर मुलगी प्रेमात पडणार नाही तर काय करणार? अहेरीहून प्रकाशक हेमराज सरांचा फोन आला, की पुस्तक छपाईला चाललंय, अर्पण कुणाला करायचं ते आजच सांग. दिव्यानीनं डोळे मिटून सांगून टाकलं — ‘शेवटच्या रांगेत, शेवटपर्यंत बसणाऱ्याला.’

घरी पहिली प्रत आली. वडील गुणवंतरावांनी चष्मा लावून ते पान वाचलं. “हा कोन होय? आपल्या घरचा तं कोनी शेवटपर्यंत बसत नाई.”

दिव्यानी लाजून आत पळाली.

आणि मग घुग्घुसचा कार्यक्रम आला. रस्ताभर कोळशाचे ट्रक, पानापानावर काळी धूळ. तिथेही सगळं नेहमीप्रमाणे झालं. शेवटी तीच आणि शेवटी तोच. ती नेहमीसारखी एसटीकडे धावली. स्टँडवर पोचल्यावर आठवलं की सत्काराचा नारळ सभागृहातच राहिला. गाडीला अजून अवकाश होता, म्हणून ती परत गेली.

दारातच तिचे पाय थबकले. निकेशनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या होत्या आणि तो खुर्च्या एकीत एक घालून रचत होता. एक थप्पी झाली की खांद्यावर, खांद्यावरून बाहेरच्या पिकअपमध्ये. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगवलं होतं — ‘बाबुलाल मंडप डेकोरेशन, मूल’. एवढे दिवस ती व्यासपीठावर बसत होती. खुर्चीची पाठ तिला कधी दिसलीच नव्हती.

“हे... हे काय?”

“खुर्च्या जी,” निकेश म्हणाला. “आपल्याच आहेत. माशाचा धंदा बाबाचा, मंडपाचा माह्याकडे.”

“म्हणजे तुम्ही या खुर्च्यांसाठी बसत होता?”

“मंग? कार्यक्रम संपल्याशिवाय कशा उचलू?”

बिचारा खरं तेच बोलला. पण खरं बोलण्यालाही वेळकाळ असतो, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दिव्यानीच्या डोळ्यांपुढे ते अर्पणाचं पान आलं. सगळ्या प्रतींमध्ये छापलेलं! तिची छापील मराठी एका क्षणात गळून पडली.

“मी येडी! मले वाटलं... जाऊ द्या. उचला खुर्च्या!”

“मॅडम, नारळ—”

“फोडून खा!”

त्यानंतर तिनं हेमराज सरांना फोन केला. ते पान फाडता येईल का? वर काही चिकटवता येईल का? सर म्हणाले, “दिव्यानी, पुस्तकं बांधून तयार आहेत. आता तू तो माणूस शोध, पानाला हात लावू नको.” माणूस सापडलेलाच होता, रडू त्याचंच येत होतं.

प्रकाशन अहेरीला होतं. तिथल्या सभागृहातल्या खुर्च्या जमिनीत बोल्टनं आवळलेल्या, म्हणजे मंडपवाल्याचा प्रश्नच नव्हता. बरं झालं, असं ती दिवसभर स्वतःला बजावत होती, आणि दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होती. घरचे नात्यातल्या लग्नाला गेले होते. पुस्तक काय, दुसरंही निघेल, असं गुणवंतरावांचं म्हणणं पडलं.

फीत सुटली, फोटो झाले. मग जमलेल्या कवींनी आपापल्या कविता म्हटल्या आणि कायद्याप्रमाणे चपला शोधल्या. त्यात आठवडी बाजाराचा दिवस. प्रमुख पाहुणे “आलोच” म्हणून सुकट घ्यायला गेले. हेमराज सर त्यांना आणायला गेले. दिव्यानी स्वतःच्या पुस्तकाची प्रत हातात धरून माईकपुढे उभी राहिली, तेव्हा मागच्या भिंतीला टेकून फक्त चौकीदार सुकलूभाऊ बसले होते. त्यांच्या हातात कुलूप होतं.

म्हणजे शेवटपर्यंत बसणारा असा असतो, तिला वाटलं. कुणी खुर्च्यांसाठी, कुणी कुलुपासाठी. तिचे डोळे भरून आले. तिनं पुस्तक मिटलं.

“काऊन? वाचा ना जी.”

दारात निकेश उभा होता. केसांवर रस्त्याची धूळ, काखेत तो घुग्घुसचा नारळ आणि हातात ‘काटेरी शिंगाडे’ची नवी प्रत. मूलहून एसट्या बदलत आला होता. तो सरळ चालत पुढे आला आणि पहिल्या रांगेत, अगदी तिच्यासमोर बसला.

“इथल्या खुर्च्या उचलता येत नाहीत,” ती कोरडेपणानं म्हणाली.

“माईत हाय. हलवून पाह्यली एक.”

“मग तुमच्या कुठी आहेत?”

“घरी. बाबानं त्या कामावरून काढलं मले.”

“काऊन?”

“कमी भरून राह्यल्या जी. मूलले बरोबर, ब्रह्मपुरीले बरोबर, गडचिरोलीपासून कमी. तुम्ही वाचता, मी तुमच्याकडे पाह्यत राह्यतो, अन् लोकं खुर्च्या घेऊन जाते. घुग्घुसले तं दोघं जण माह्यासमोरून सोफा घेऊन गेले. मले वाटलं, कवी असतीन.”

दिव्यानीनं ओठ दाबून धरले. हसायचं नव्हतं तिला.

“खोटं काऊन बोलू?” निकेश खाली बघत म्हणाला. “सुरुवातीले मी खुर्च्यांसाठीच बसलो होतो. मूलले तं डोये उघडे ठेवून झोपलो होतो.”

“आणि त्या झोपेला मी अख्खं पुस्तक अर्पण केलं!”

“वाचलं मी ते पान. आताच दारात पुस्तक इकत घेतलं अन् दारातच वाचलं.” त्याचे कान लाल झाले होते. “म्हणूनच पुढं येऊन बसलो. आता माह्याकडे काहीच काम नाई इथी. नुसता ऐकाले आलो. अन्... पाहाले.”

दिव्यानीनं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. लंब्या कविताही सोडल्या नाहीत. निकेशला एकदाही जांभई आली नाही... एकदा आली, पण ती त्यानं रुमालात लपवली, आणि ते लपवणं तिला कुठल्याही दादेपेक्षा गोड वाटलं.

“बाई,” मागून सुकलूभाऊ कळवळून म्हणाले, “अजून किती हायत? मले कुलूप लावाचं हाय.”

“झालंच भाऊ,” दिव्यानी म्हणाली. ती खाली उतरली, निकेशच्या शेजारी बसली आणि त्याच्या हातातली प्रत ओढून घेतली. अर्पणाचं पान काढलं. पेननं ‘शेवटच्या रांगेत’ खोडलं. उरलेलं तसंच ठेवलं, खाली सही केली आणि पुस्तक त्याच्या मांडीवर टाकलं.

निकेशनं ते हळूहळू वाचलं. मग परत वाचलं. गालावरची ती एकटी खळी उमटली.

“शेवटपर्यंत म्हंजे... किती दिवस, मॅडम?”

दिव्यानीनं त्याच्या काखेतला नारळ काढून आपल्या पर्समध्ये ठेवला.

“बसाच लागते जी,” ती म्हणाली.