दोनदा बघायचं असतं

सचिन गावातल्या साडी-छपाईच्या कारखान्यात एका सकाळी एकाच पदरावर दोन मोर उतरले — एकाच्या पाठीवर दुसरा. मशीन चालवणारा गजेंद्र ती साडी खांद्यावर टाकून ऑफिसकडे निघाला, तो जिन्यातच प्रज्ञाला धडकला. मशीनचं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलेलं. खोटं वाटेल, पण त्यातला वरचा मोर तिला बघून लाजला.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमनं मोरांचं लग्न लावलं."

"मग अक्षता टाका," ती म्हणाली.

झालं. अशी साडी निघाली की गजेंद्र वर हजर. मशीनपेक्षा तोच जास्त बिघडला. एकदा चहाच्या कपात बघत त्यानं विचारूनही घेतलं, तुमचं कुठे जमलंय का? ती नाही म्हणाली... आणि पठ्ठ्या तेवढ्यावरच खूश होऊन खाली गेला. पुढचं बोलायचं राहिलंच.

दिवाळीच्या तोंडावर प्रज्ञाला चूक सापडली, आणि त्याच आठवड्यात तिच्या मामाला बारडोलीचा मुलगा. रविवारी बघायला येणार. हे कळल्यावर गजेंद्र पहिल्यांदाच साडी न घेता वर आला.

ती स्क्रीनवर बोट ठेवून सांगू लागली. मशीनना डिझाइन वाटून देणारा ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधला वाटप्या, एकच हवा. पहिल्यानं मागितला की तो बनतो, पुढच्यांना तोच मिळतो. पण सकाळी दोन मशीन एकदम सुरू होतात, एकाच क्षणी डोकावतात, दोघांनाही जागा रिकामी दिसते — दोघं एकेक बनवतात. वाटणारे दोन, म्हणून एकाच पदरावर मोरही दोन.

"मग उपाय?"

"बघायचं. रिकामं दिसलं तर आत जाऊन कडी लावायची. आणि आत... पुन्हा एकदा बघायचं." तिनं मान वर केली. "काही लोक एकदाच बघतात, गजेंद्रभाई. तेवढ्यात बारडोलीहून कुणीतरी येऊन बसतो."

त्या 'भाई'नं तो ताडकन उठला. थेट दाराच्या कडीला हात.

"लोटलंत तरी पुरे," ती हसू दाबत म्हणाली.

त्यानं दार लोटलं. खालच्या सगळ्या मशीन त्या क्षणी श्वास रोखून थांबल्या, असं खालचे अजून सांगतात.

"प्रज्ञा... आहे का कुणी?"

"नव्हता. तुम्ही मागितलंत — आत्ता झाला."

"आणि रविवारी तो मागायला आला तर?"

"त्यालाही हाच दाखवीन. दुसरा बनतच नाही."

रविवारी गोडादऱ्यात, प्रज्ञाच्या घरी, बारडोलीच्या पाहुण्यापुढे चहाचा ट्रे आला. ट्रे गजेंद्रच्या हातात होता.