काळूकाठचे करंज

मोरू, दात काढू नकोस. आंबिवलीला माझ्या शेजारी सहदेव राहायचा, त्याची गोष्ट आहे. एक्याण्णव साल, सत्तावीस जुलै, शनिवार. चार दिवस पावसाने झोडपलेलं. रात्री पावणेदहाला तो बॅटरी घेऊन निघाला, काळू नदीच्या काठावरून बहिणीला, मालनला, घरी आणायला.

सहदेव झाडं तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. मे महिन्यात ठाण्याहून साहेब आलेले. म्हणाले, पात्रातली झुडपं काढा, पाणी अडतं. काठावरचे करंज ठेवा, माती त्यांनीच धरलीये. पण लॉरीला खाली उतरायला वाट हवी होती. यानं सातही करंज आडवे केले. मालनच्या घरापुढचेच. ती म्हणाली, "दादा, माझा काठ उघडा पडला रे." हा म्हणाला, "काही होत नाही गं." मला अजून राग येतो त्याचा!

तर, घराशी पोचला. नदी अगदी दाराशी आलेली. त्यानं बॅटरी मारली...

करंज उभे होते. सातही.

त्यानं हात लावला. ओली साल. गार. खोड हललं नाही.

मालन दारात आली.

"चल लवकर."

"शेळ्या टाकून कुठे येऊ? आणि झाडं आहेत की, दादा."

यानं बॅटरी पुन्हा एकदा झाडांवर फिरवली...

नदीकाठी लहान पोरालाही ठाऊक असतं, करंज उभा तर काठ उभा. तुम्ही म्हणाल, स्वतः तोडलेली झाडं, विश्वास बसलाच कसा? अरे, हातून घडलेलं पाप घडलंच नाही असं दिसलं, तर माणूस पुढे विचारत नाही. तो एकटाच परत आला. कितीतरी दिवसांनी निवांत झोपला.

सकाळी आम्ही गेलो. मीही होतो.

काठ नव्हता. घर नव्हतं. शेळ्या नव्हत्या. एकच बुंधा मुळांवर लोंबत होता. वाळलेला. मेमधला कुऱ्हाडीचा घाव तसाच.

सहदेव त्या घावावर हात ठेवून बसला. रात्रीचं सगळं त्यानं तिथंच मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मालन कल्याणच्या खाडीत कोळ्यांना सापडली. उजवी मूठ घट्ट मिटलेली. सहदेवनंच एकेक बोट सोडवलं...

आत करंजाची पानं होती. हिरवीगार. आत्ताच ओरबाडलेली.