बांबूची पिचकारी

होळीला महिना असताना मी पिचकारी मागायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! परतवाड्याच्या बाजारातलं खेळण्यांचं दुकान, आणि गल्ल्यावर त्याचा मालक, ललित.

"आताच पिचकारी? माल तं यायचा हाये अजून, मॅडम."

"माही भाची पिंकी अकोल्याहून रोज फोनवर डोकं खाते. आन् धुळवड झाली का मी बी अकोल्याले चालली. तिथं मोठ्या लॅबमंदी नोकरी लागली मले."

त्याचं हसू मावळलं. "मंग... मी बनवून देतो. बांबूची."

"तुमी दुकानदार हा का सुतार?"

"तुमी म्हनसान ते."

असं उत्तर आल्यावर माणसाने काय करावं? मी महिनाभर टिकल्या, रबर, काहीबाही घ्यायला जात राहिले. गरज कशाचीच नव्हती.

होळीच्या आठ दिवस आधी त्याने माझ्यापुढे दोन पिचकाऱ्या ठेवल्या. एक लालभडक प्लॅस्टिकची, कंपनीची. दुसरी पिवळसर बांबूची, दट्ट्याला त्याच्या जुन्या शर्टाची चिंधी गुंडाळलेली.

"कोनती, प्रणाली?"

पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने! मी बांबूची उचलली. बोटांना बोटं लागली... आणि त्याने ती लगेच मागे घेतली नाहीत.

दुसऱ्या दुपारी माझ्या खोलीत आवाज सुरू झाला. कुरकुर... कुरकुर... उन्हाने गल्ली ओस पडलेली, आणि फळीवरच्या पिचकारीत कोणीतरी चावत होतं. मी अकोल्याची बॅग भरायला घेतली की आवाज वाढायचा. हात थांबवला की थांबायचा. तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा बोटं इतकी गार पडली की चेन लावता येईना.

घरमालकीण मैनाबाईंनी ते दारातूनच ऐकलं. "फेक ते, पोरी! बांबूच्या बेटातलं काई संग आलं असंन."

फेकवेना. ओढणीत गुंडाळून दुकानात घेऊन गेले. ललितचा चेहरा उतरला.

"घुण लागला असंन. चूक माही हाये. पुनवेले बांबू तोडू नाही, कीड पडते. अवसेले तोडा लागते. पन मंग वाळेलोक तुमी निंगून गेल्या असत्या... मले धीर नाही धरवला."

एवढं बोलून त्याने कोयत्याने पिचकारी उभी चिरली.

आत घुण नव्हता. भोक नव्हतं, भुसा नव्हता. नळी पांढरीस्वच्छ. आणि त्या दोन कोरड्या फाकांतून आवाज आला... कुरकुर.

आम्ही दोघंही मागे सरलो. त्याचा दंड मी कधी धरला, मला कळलंच नाही.

"प्लॅस्टिकची न्या," तो पुटपुटला. "तिच्यात भेव नाही."

"पिंकीले तीच द्या. माह्यासाठी दुसरी बनवा. अवसेले तोडून."

"अवसेले तीन हप्ते हायेत. वाळाले अजून महिना."

मी फोन काढला. त्याच्यासमोरच अकोल्याच्या लॅबला कळवलं — येत नाही. फाकांतली कुरकुर एकदम थांबली. त्यांच्याकडे बघायची आमची दोघांचीही हिंमत नव्हती.

"भेव नाही वाटत तुले?" त्याने हळूच विचारलं.

"लय वाटते. पन अकोल्यात तू नसशीन, त्याचं जास्त वाटते."