पास्कूमावशीची तहान

मोबाइल ठेवा बाजूला. आणि सिद्धेश, मध्येच हसायचं नाही. बॉस्को मिस्किटा माझ्याबरोबर साकीनाक्याला लेथवर होता. त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट, गेल्या वर्षीच्या अकरा मेच्या रात्रीची.

बॉस्कोला त्याच्या पास्कूमावशीने लहानाचं मोठं केलं. पक्षाघाताने ती वर्षभर अंथरुणाला खिळलेली, हाताचं बोटही हलत नव्हतं. शेवटी शेवटी तिने पाणी सोडलं. बॉस्कोने नळाचं दिलं, बाटलीचं दिलं, ओळखीच्या विहिरींचं आणलं. सगळं थुंकायची. एकच धोशा. "माजे बावरीचा पानी दे रे, बाला."

आता कुठली विहीर? मावशी लहानपणीच अनाथ होऊन मरोळला आलेली, तिचं गाव कुणालाच ठाऊक नाही. डोळ्यांदेखत ती तहानेने मरत होती आणि बॉस्को वेडापिसा झाला होता.

अखेर त्याने फादरच्या पाया पडून बाप्तिस्म्यांची जुनी वही काढायला लावली. मावशीच्या नावापुढे गाव होतं, पण अक्षर पोर्तुगीज वळणाचं, लागेल तर शपथ! मग तेच नाव त्याने इतर पोरांच्या नोंदींत शोधलं, एकेक अक्षर ताडून पाहिलं. रात्री अकराला लागलं. चिंचपाखाडी.

"फादर, हे तर आमच्या कारखान्यामागच्या क्रुसावर कोरलंय! मी रोज तिथेच डबा खातो!"

रात्री साडेअकराला तो कळशी घेऊन तिथे पोचला. क्रूस होता. विहीर नव्हती. केव्हाच बुजवून वर गाळे बांधलेले. बॉस्को क्रुसाच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.

मागे रहाट कुरकुरला.

वळून पाहिलं. आखूड लुगडं नेसलेली एक पोरगी. दोर ओढत होती. दोन्ही हातांनी.



पोहरा वर आला. तिने तोंडाला लावला. घटाघटा प्यायली. थांबेचना.

"अगं... तू कोणाची?"

तिने तोंड पुसलं. हसली.

बॉस्कोने डोळे चोळले. ना पोरगी, ना रहाट.

समोर गाळ्याचं बंद शटर. बस्स.

रिकामी कळशी घेऊन तो घरी धावला. बायको दारातच उभी.

"गेली रे. साडेअकरालाच. शेवटी हसली, बघ."

"पाणी... पाणी मागितलं?"

"नाही. आज नाही मागितलं."

बॉस्को खाटेजवळ बसला. मावशीचा हात हातात घेतला. वर्षभर न हललेला हात.

तळव्यावर दोराचा वळ होता. ताजा. ओला.